बंगारमचं दार

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या त्याच दिवशी सासूबाई आल्या. पैनगंगेच्या काठच्या गावाहून जैनथपर्यंत आटो आणि तिथून पुढं आदिलाबादपर्यंत बस, असा प्रवास करून आलेल्या बाईनं आधी पाय धुवावेत, पाणी प्यावं. पण तुळजाबाईंनी हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "अवघा जलम वावरात गेला. पऱ्हाटी पाह्यली, ज्वारी पाह्यली, रानडुकरं पाह्यली. आता मले एक डाव वाघ दाखवा."

मी एका मराठी शाळेत गणित शिकवतो. वाघ माझ्या विषयात येत नाही. शिवाय मी सावध स्वभावाचा माणूस आहे. कुकरची शिट्टी होत असताना मी स्वयंपाकघरात जात नाही, अनोळखी कुत्रं दिसलं की बाजूच्या गल्लीतून जातो आणि पाल भिंतीवर असेल तर दुसऱ्या खोलीत झोपतो. याला माझी बायको सुनयना 'भेकडपणा' म्हणते. ती पोस्टात खिडकीवर बसते, दिवसभर तेलुगू, मराठी, हिंदी अशा तीन भाषांत लोकांना रांगेत उभं करते, त्यामुळे तिला कशाचीच भीती उरलेली नाही.

"वाघ म्हणजे लांब जावं लागेल," मी म्हणालो.

"इचोड्याच्या पलीकडं ती डोंगरातली बाग हाय ना," सुनयना आतून म्हणाली. "झाडंबी हायेत, जनावरंबी हायेत. सकाळी गेलं तर दुपारी घरी."

"तिथं वाघ नाही."

"मंग काय हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"हरणं, मोर, दोन मगरी, एक अजगर आणि एक अस्वल."

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अस्वल चालन," त्या म्हणाल्या, जणू दुकानात हवा तो रंग नव्हता म्हणून दुसरा घेतला.

आमच्या कॉलनीत भिंती पातळ आहेत. संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्यांना कळली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, अस्वल दिसलं तर पालथं पडून श्वास रोखायचा. कोपऱ्यावरचे कंपाउंडर म्हणाले, मुळीच पडायचं नाही, उताराकडे पळायचं, कारण उतारावर अस्वलाचे केस त्याच्या डोळ्यांवर येतात. मी विचारलं, उतार नसला तर? ते म्हणाले, मग आधीच पाहून ठेवायचा. त्या रात्री मी अंथरुणात पडून श्वास किती वेळ रोखता येतो ते मोजलं. एकोणीस सेकंद. विसाव्याला सुनयनानं विचारलं, "आवो, काय होऊन राह्यलं तुमाले?"

शेवटचा सल्ला शेजारच्या मारोतरावांचा. ते कचेरीतून पेशकार म्हणून रिटायर झाले, पण कचेरी त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. दुधाची पिशवी फाटली तरी ते पंचनामा करतात.

"गुरुजी, जनावराच्या डोळ्यात डोळा घालायचा," ते म्हणाले. "जनावर हुकूम ओळखते. मी येतो सोबत. बंदोबस्ताशिवाय असा दौरा करू नये."

असे आम्ही चौघं मंगळवारी सकाळी आटोत बसलो. गुडीहत्नूर मागे पडलं. इचोड्याच्या ट्रकांच्या गर्दीतून आटो डोंगराकडे वळला, सोयाबीनची कापलेली रानं संपून सागाची झाडं सुरू झाली, आणि मी दोन्ही बाजूंचे उतार पाहून ठेवायला लागलो.

तिकिटाच्या खिडकीवर चष्मा कपाळावर ठेवलेला एक बाबू होता. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं.

"आजी का उमर साठ के ऊपर. आधार का झेरॉक्स देना."

सासूबाईंनी कमरेच्या बटव्यातून आधार कार्डच काढलं.

"असल नहीं चलता. नकल होना."

मी म्हणालो, पूर्ण तिकीट द्या, आमची काही हरकत नाही. तो म्हणाला, साठच्या वरच्या माणसाला पूर्ण तिकीट कॉम्प्युटर देत नाही. मारोतरावांना नोकरीतले दिवस आठवले असावेत, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कायदा बराबर हाय गुरुजी," ते म्हणाले. "असल घरी ठेवायची, नक्कल कचेरीत."

झेरॉक्सचं दुकान इचोड्याला. गेलो, वीज नव्हती, थांबलो, वीज आली, परत आलो. या सगळ्यात साडेबारा झाले. डबा आत नेता येत नाही म्हणून तो आटोतच ठेवला. फाटकावर पाटी होती: भोजन एक ते दोन, फाटक बंद. मी म्हणालो, आपण दोन वाजताच जाऊ. सुनयनानं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी आत गेलो.

बाग सुरेख होती, हे मला नंतर सांगण्यात आलं. मला आठवतात त्या फक्त पाट्या. 'सावधान.' 'हात लावू नये.' 'जाळीजवळ जाऊ नये.' एका झुडपापुढे तर कवटीचं चित्र होतं. मारोतराव प्रत्येक झाडापुढे उभे राहून त्याची हकिकत सांगत, आणि सासूबाई मागून येऊन ती खोडून काढत.

"हे रुद्राक्षाचं झाड," मारोतराव म्हणाले.

"बिब्बा होय तो," सासूबाई म्हणाल्या. "डीक लागला तर आठ दिवस अंगाची आग होईन. हटा मांगं."

मी लगेच चार पावलं मागे हटलो, तर पाठीला काहीतरी लागलं. मगरींच्या हौदाचा कठडा होता तो. खाली दोन मगरी तोंड उघडं टाकून पडल्या होत्या. त्या हलत नव्हत्या, आणि न हलणारं जनावर मला जास्त भयानक वाटतं, कारण ते कधी हलेल हे सांगता येत नाही.

तेवढ्यात फाटकाच्या बाजूनं साखळीचा आवाज आला. एक वाजला होता. बाबू जेवायला गेला. बागेत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सणाचे दिवस, लोक आपापल्या घरी होते. वारा पडला. मघापासून ओरडणारे मोरही गप्प झाले होते. हे मला बरं वाटलं नाही.

"आता अस्वल पाहू," सासूबाई म्हणाल्या.

अस्वलाचा पिंजरा बागेच्या अगदी टोकाला, बांबूच्या बेटाजवळ होता. पाटीवर तेलुगूत लिहिलेलं सुनयनानं वाचलं: अस्वल, मादी, नाव बंगारम. "बंगारम म्हणजे सोनं," ती म्हणाली. पिंजरा ऐसपैस होता. मध्ये लाकडी ओंडक्यांचं एक माचाण, दाराजवळ सिमेंटचं कुंड, मागच्या भिंतीत झोपायची कोठडी, तिच्या तोंडावर पत्र्याची सरकती झडप, ती पाडलेली. फरशी नुकतीच धुतलेली, ओली होती. आणि पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं.

"अस्वल मागच्या कोठडीत झोपलं असन," मारोतराव म्हणाले. "धुलाईच्या वक्ताले जनावर मांगं कोंडतेत. असाच कायदा हाय."

मी सावध माणूस आहे, म्हणून पिंजऱ्याला वळसा घालून कोठडीच्या मागची बाजू पाहून आलो. तिथं एक जाळी होती. जाळीचे दोन गज गंजून तुटले होते आणि बाहेरच्या बाजूला वाकले होते. वाकलेल्या टोकांवर काळे केस अडकले होते. कोठडीत कुणी नव्हतं.

मी परत आलो तेव्हा नुसता बोटानं मागे दाखवत होतो. सुनयना म्हणाली, "काय झालं? साप दिसला का?"

त्याच वेळी बांबूच्या बेटाच्या पलीकडे, आम्ही आलो होतो त्याच वाटेवर, कुणीतरी माती उकरत असल्याचा आवाज आला. मग कुणीतरी लोहाराचा भाता फुंकावा तसा. वारुळात तोंड घालून एक काळा ढीग बसला होता. फार तर तीस पावलांवर. ढिगानं तोंड बाहेर काढलं, मातीनं माखलेलं लांबुळकं नाक वर केलं आणि आमच्या दिशेनं हुंगलं.

समोरच्या वहिनींचं म्हणणं मला आठवलं, कंपाउंडरचं आठवलं. पालथं पडावं तर जमीन ओली होती, आणि उतार होता तो सरळ अस्वलाकडे जात होता. मारोतरावांकडे पाहिलं, तर त्यांनी डोळ्यात डोळा घालायच्या ऐवजी दोन्ही डोळे मिटून घेतले होते.

अस्वल उठलं. सावकाश, पाय आत वळवत, ते आमच्याकडे चालायला लागलं.

"पळा!" मी म्हणालो असं मला वाटतं. पण सासूबाईंचे गुडघे पळायचे राहिले नव्हते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि वावरात सावली शोधावी इतक्या सहज म्हणाल्या, "ह्या पिंजऱ्यात शिरा. लोखंडाचा हाय." आणि त्या आत गेल्या. त्यांच्या मागून सुनयना. सुनयनाला ओलांडून मारोतराव. सगळ्यात शेवटी मी आत शिरलो, दार ओढून घेतलं आणि कडीसाठी हात घातला.

कडी नव्हती.

म्हणजे होती, पण बाहेरून होती. आणि आतल्या जनावरानं पंजा बाहेर काढून ती उघडू नये म्हणून गजांवर हातभर रुंद पत्रा ठोकलेला होता. आतल्यानं ती लावायचीही सोय नव्हती. कुणीतरी विचार करून केलेलं काम होतं ते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. मी दोन्ही हातांनी दोन गज पकडले, ओल्या फरशीवर टाचा रोवल्या आणि दार आत ओढून धरलं.

"लागली कडी?" मारोतराव माचाणावरून म्हणाले. ते माचाणावर कधी चढले ते मला कळलंच नाही.

आता इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या वेळी मी खरं का सांगितलं नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधून काढली. मारोतराव ओरडले असते, ओरडण्यानं अस्वल बिथरलं असतं, सासूबाई उठून निसरड्या फरशीवर पडल्या असत्या. सगळी कारणं चांगली आहेत. पण खरं म्हणजे माझ्या घशातून शब्दच निघेना. मी फक्त मान हलवली. मारोतरावांनी ती होकाराची धरली.

बंगारम दाराशी आली.

गजांच्या पलीकडे, माझ्या छातीपासून एका वितीवर, तिनं नाक टेकवलं. तिच्या श्वासाला ओल्या मातीचा आणि वाळवीचा वास होता. छातीवर मळकट पांढरा पट्टा, डोळे बारीक, म्हातारे. तिनं मला हुंगलं. मग उजवा पंजा उचलला. नखं माझ्या बोटांएवढी होती, पिवळी, आत वळलेली. ती तिनं गजांत अडकवली आणि दार आपल्याकडे ओढलं.

दार चार बोटं उघडलं. मी सगळा जीव एकवटून मागे रेललो. दार बंद झालं.

तिनं थोडा विचार केला आणि पुन्हा ओढलं. रागानं नाही. आपल्या घराचं दार अडकलं तर आपण ओढतो तसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला घरी यायचं होतं. जेवायची वेळ झाली होती, आणि तिच्या घरात आम्ही होतो.

"काऊन वो बाई," सासूबाई तिला म्हणाल्या. त्या कुंडाच्या काठावर निवांत बसल्या होत्या. "भूक लागली का तुले? जावईबापू, इकडं येऊन बसा ना. दाराले काय धरून राह्यले?"

"ठीक आहे," मी म्हणालो. हे दोन शब्द मी कसे काढले ते माझं मला माहीत.

"गुरुजीचे पाय गोठले," मारोतराव वरून म्हणाले. त्यांनी डोक्यावर दुपट्टा घेतला होता आणि फक्त नाक बाहेर ठेवलं होतं. "भेऊ नका गुरुजी. कडीकुलपात हाओत आपण."

कमरेचा पट्टा काढून दार बांधावं असं डोक्यात आलं, पण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता. बंगारमनं तिसऱ्यांदा ओढलं. माझा एक बूट सरकला. आणि त्याच क्षणी मागून दोन हात आले आणि माझ्या कमरेभोवती घट्ट आवळले गेले. सुनयना. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत माझी करंगळीही धरली नव्हती. तिची हनुवटी माझ्या पाठीत रुतली होती.

इतक्या भीतीतही मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पोस्टात दिवसभर लोकांवर ओरडणारी बाई शेवटी नवऱ्याला बिलगली.

"भिऊ नको," मी तिला हळूच म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

मारोतरावांनी फोन काढला. तिकिटावर एक नंबर छापला होता. तीनदा लावल्यावर बाबूनं उचलला. बाबूच्या तोंडात घास होता हे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, कारण मारोतरावांनी स्पीकर लावला होता.

"हम इधर अस्वल के पिंजरे में हैं!" मारोतराव म्हणाले.

"दो बजे आओ. लंच है."

"अहो, अस्वल बाहर है! फौरन कार्रवाई करो!"

"शिकायत है तो दरख्वास्त लिख के देना," बाबू म्हणाला आणि फोन ठेवला. आयुष्यभर लोकांना हेच उत्तर दिलेल्या मारोतरावांनी फोनकडे असं पाहिलं की मला त्यांची दया आली.

"इकडं आणा तो फोन," सुनयना माझ्या पाठीमागून म्हणाली. तिनं माझी कंबर सोडली नाही. सासूबाईंनी माचाणावरून फोन घेतला आणि तिच्या तोंडाशी धरला. बाबूनं उचलताच ती पोस्टाच्या खिडकीवरच्या आवाजात म्हणाली, "एलुगुबंटी बयट उंदी. मेमु बोनुलो उन्नामु!" अस्वल बाहेर आहे, आम्ही पिंजऱ्यात आहोत.

पलीकडे बाबू हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तो तिथल्या कुणाला तरी ओरडून सांगायला लागला की जनावर बाहेर, माणसं आत. फोन बंद झाला.

मी आशा सोडली. बंगारम आता दाराला पाठ लावून बसली होती, आणि मधूनच आठवण झाल्यासारखी वळून दार ओढत होती. माझी बोटं मला जाणवेनाशी झाली. गजांच्या गंजाचे पापुद्रे तळहातात घुसत होते. हे किती वेळ चालणार? दोन वाजेपर्यंत? गणिताच्या मास्तरला एक सवय असते. मी हिशेब करत होतो, की ती मिनिटाला एकदा ओढते, दर वेळी दार एक बोट जास्त उघडतं, तर तिचं अख्खं तोंड आत यायला किती मिनिटं लागतील. उत्तर आलं तेव्हा मी मोजणं बंद केलं.

पण बाबूच्या हसण्यानंच आमचा जीव वाचला. तो ज्याला ओरडून सांगत होता तो लच्चन्ना होता, बंगारमला खाऊ घालणारा माणूस. त्याला हसू आलं नाही. पाच मिनिटांत तो बांबूच्या आडून धावत आला. काटक, पन्नाशीचा, हातात आंबिलाची बादली. लांबूनच त्यानं हाक दिली, "बंगारम! रा, रा!" तिनं नुसता कान हलवला आणि दार ओढलं.

"बाहर नक्को खाती वो," लच्चन्ना हताश होऊन म्हणाला. "अपने घर में खाती. तुमे लोगां उसके घर में कायको घुसे?"



त्यानं माझे हात पाहिले. मग पत्रा पाहिला. मग पुन्हा माझे हात. त्याला कळलं. तो गजांजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "साब, छोड नक्को. मैं बोलूं तब छोडना."

त्यानं बेत सांगितला. तो मागून साखळीनं कोठडीची झडप उचलणार. आम्ही एकेक करून कोठडीत शिरायचं आणि जिथून बंगारम बाहेर पडली त्याच तुटक्या जाळीतून बाहेर निघायचं. मग तो मागच्या भिंतीतून कुंडात उतरणाऱ्या पन्हाळीतून आंबील ओतणार, मी दार सोडून कोठडीत पळायचं, ती दार उघडून कुंडाकडे जाणार आणि तो झडप पाडणार.

"आणि ती कुंडाकडे गेली नाही तर?" मी विचारलं.

लच्चन्नानं बादली वर उचलून दाखवली. "जाती," तो म्हणाला. "गूळ है उसमें."

झडप कुरकुरत वर गेली. आधी मारोतराव गेले, कुणी नाव घ्यायच्या आत. मग सासूबाई. त्यांना बसून सरकावं लागलं. "माय वो, माय वो," म्हणत त्या कोठडीतून पलीकडे गेल्या. "सुनयना, जा," मी म्हणालो. तिचे हात सुटेनात.

"तुमाले जमन?" तिनं विचारलं.

"जमेल. तू भिऊ नको."

ती गेली. आणि दार एकदम दुप्पट जड झालं. मला वाटलं, आंबिलाच्या वासानं बंगारमला जोर आला. दोन्ही बूट सरकले, दार एक हात उघडलं, तिचं अख्खं तोंड आत आलं. ओलं नाक माझ्या मनगटाला लागलं. थंडगार. मी ओरडलो नाही, कारण ओरडायला श्वास लागतो. मी पाय कुंडाच्या कडेला लावून मागे झुकलो आणि तिचं तोंड बाहेर जाईपर्यंत ओढत राहिलो.

मागून आंबील कुंडात पडल्याचा आवाज आला. लच्चन्नानं मोजायला सुरुवात केली. "ओकटी... रेंडु..."

मूडुपर्यंत, म्हणजे तीनपर्यंत, मी थांबलो नाही. दार सोडलं आणि चार पायांवर कोठडीत घुसलो. मागे दार धाडकन उघडलं. नखं फरशीवर वाजली. माझी पँट तुटक्या गजात अडकली. मी ओढतोय, पँट सोडेना, मागे नखांचा आवाज जवळ येतोय, आणि मला स्पष्ट वाटलं की आता संपलं. सुनयनानं बाहेरून माझी कॉलर धरली, मारोतरावांनी काहीच धरलं नाही, पँट टर्रकन फाटली आणि मी गवतात पडलो. झडप कोसळली.

मग पिंजऱ्यातून आवाज आला. लप, लप, लप. बंगारम जेवत होती. लच्चन्ना पुढे पळाला आणि बाहेरून कडी घातली. खट्ट. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

लच्चन्ना तिथंच जमिनीवर बसला आणि त्यानं दस्तीनं तोंड पुसलं. तो रडत होता. "जंगल में भाग जाती तो क्या करता मैं," तो म्हणाला. "बारा साल से मेरे हात से खाती."

बाबू आता फार गंभीर झाला होता. त्यानं आम्हाला ऑफिसात बसवलं आणि एक कागद पुढे केला. पर्यटकांनी विनापरवाना प्राण्याच्या निवासात प्रवेश केला, याबद्दल लेखी जबाब पाहिजे. मी म्हणालो, तुमची जाळी तुटली होती. तो म्हणाला, जाळीचा फॉर्म वेगळा, तो वरून येतो. मारोतरावांनी दोन पानं जबाब लिहिला, 'सदर मादी अस्वल' वगैरे. खाली माझी सही हवी होती. मी पेन घ्यायला गेलो, तर बोटं गजाभोवती वळली होती तशीच वळलेली राहिली होती. उघडेनात, मिटेनात. बाबूनं निळ्या शाईचा पॅड पुढे सरकवला. सव्वीस वर्षं पोरांना शिकवणाऱ्या, फाटक्या पँटीवर बायकोची पिशवी धरून बसलेल्या माणसानं आपला अंगठा लावला.

परतताना इचोड्याच्या एका ढाब्यावर थांबलो. बाजेवर बसून डबा उघडला, चहा सांगितला. मारोतरावांना आता बराच धीर आला होता. ढाबेवाल्याला त्यांनी सगळी हकिकत सुरुवातीपासून सांगितली.

"मी वरून तिच्या डोळ्यात डोळा घातला," ते म्हणाले. "तिथंच गार झाली. गुरुजी बिचारे दाराले चिटकून उभे. कडीकुलपात बंद जागा, तरी माणूस लटलट कापते. काय करा, एकेकाचा सभाव."

ढाबेवाला माझ्याकडे पाहून हसला. मी चहाच्या पेल्याकडे पाहत राहिलो. तो मला उचलता येत नव्हता.

"मारोतराव," सुनयना म्हणाली, "त्या दाराले आतून कडी नव्हती."

"आं?"

"कडी बाहेरून होती. वरून पत्रा. यायनं हातानं धरून ठेवलं होतं, अर्धा घंटा. अन मी मांगून ओढत होती."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पयल्यांदा दार हाललं तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलले का?"

मारोतरावांनी कप खाली ठेवला. एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे. मग त्यांचा उजवा गुडघा हलायला लागला. आधी थोडा, मग इतका की बाजेवरचे कप वाजायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, तर हातही हलायला लागले.

"आता काऊन भेता जी?" सासूबाई म्हणाल्या. "ते तर जेवून झोपलं असन."

सुनयनानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला. शेजारच्या बाजेवरचे ट्रकवाले जेवायचे थांबून आमच्याकडे पाहत होते.

"लोक पाहतात," मी म्हणालो.

"पाहू द्या."

पहिल्यांदा घास माझ्या मिशीला लागला, दुसऱ्यांदा हनुवटीला. मला तिचा हात धरायचा होता, पण माझी बोटं उघडत नव्हती. मग मी तोंडच पुढं नेलं.